पूर्ववत

आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की एक खणलेला रस्ता लागतो आणि त्याच्या कडेला पाटी: 'काम पूर्ण होताच रस्ता पूर्ववत करण्यात येईल.' पाटी लावून चार पावसाळे झाले. रस्ता तसाच आहे. पाटी मात्र गंजून लोखंडाची पुन्हा माती व्हायला निघाली आहे. अख्ख्या कोथरूडमध्ये पूर्ववत होण्याची इच्छाशक्ती फक्त त्या पाटीतच आहे, असं विश्वजीत म्हणायचा. विश्वजीत माझा नवरा. असली वाक्यं तो येता-जाता टाकायचा आणि त्यामुळे आमच्याकडे पाहुणे बेताचेच असायचे.

गेल्या वर्षी श्रावणात त्याला स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि ती जीभही गेली. उरला एकच शब्द, 'ते'. चहा हवा तरी 'ते', पंखा बंद कर म्हणायचं तरी 'ते'. डॉक्टरांनी फाइल मिटत सांगितलं, "प्रगती होईल. पण अगदी पूर्ववत होतील, असं मी म्हणणार नाही." घरी येताना रिक्षा त्या पाटीपाशी हिसके खात वळली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

त्या रस्त्यापलीकडे टेकडी सुरू होते. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी तिथे जाते. आम्ही पंधरा-वीस जण टिकाव-कुदळी घेऊन जमतो आणि घाणेरी काढतो. घाणेरी म्हणजे ते रंगीत फुलांच्या गुच्छांचं काटेरी झुडूप. परदेशातून कुणीतरी शोभेसाठी आणलं आणि त्याने टेकड्या गिळून टाकल्या. त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही. नुसतं छाटलं तर दुपटीने फुटतं. मुळाच्या गड्ड्याखाली घाव घालायचा, उपटायचं आणि मुळं आभाळाकडे करून खडकावर वाळत टाकायचं. मग मोकळ्या जागी इथली झाडं लावायची: मेडशिंगी, वारस, पळस, भोकर.

आमचा म्होरक्या इम्तियाज. बँकेतून निवृत्त झालेला, घराणं पाच पिढ्या रविवार पेठेतलं. नवीन आलेलं कुणी हमखास विचारतं, "काका, टेकडी पहिल्यासारखी होईल ना?"

"पहिल्यासारखी म्हणजे कधीसारखी?" इम्तियाज विचारतो. "पानशेत फुटलं त्याआधीची की पेशवाईच्या आधीची? नक्की सांगा, म्हणजे त्या बेताने खड्डे घेऊ." मग समोरच्याचा चेहरा पडला की जरा मवाळ होऊन म्हणतो, "आपण फक्त आडवं आलेलं काढायचं. पुढचं जमीन बघून घेते."

विश्वजीतला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून मी त्याला बरोबर न्यायला लागले. धडधाकट होता तेव्हा कधी आला नव्हता. 'तुमची घाणेरी तुम्हालाच लखलाभ,' म्हणायचा. आता काठी टेकत, दर वळणावर थांबत यायचा आणि मी घडीची खुर्ची मांडली की मुकाट बसायचा. ते मुकाट बसणं मला बघवायचं नाही.

दिवाळीनंतर आम्ही जुन्या खाणीमागचा खळगा उघडला. तिथली घाणेरी फार जुनी, खोडं मनगटाएवढी. ती निघाली आणि खाली काळी, गार माती लागली. टेकडीवर मुरूम सोडून काही नसतं, त्यामुळे मला नवल वाटलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. खाली पौड रस्त्याची गुरगुर दिवसभर चालू असते, ती खळग्यात पाय टाकला की बंद व्हायची. दार लोटून घ्यावं तशी. खोलगट जागेत आवाज अडतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मी तेच कारण धरलं.

पुढच्या रविवारी आलो तर खळगाभर गवत. आम्ही पेरलेलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत सगळी टेकडी पिवळी पडलेली असताना हे हिरवंगार, मऊ, आणि त्याच्यावरून वाहणाऱ्या वाऱ्याला भिजल्या दगडाचा वास. मी मातीचा नमुना घेऊन माझ्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. माझ्या जागी आलेली नम्रता निकाल घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मॅडम, कुठल्या देवराईतून आणलीत? टेकडीवरची म्हणू नका, मी हसेन."

त्याच्या पुढच्या रविवारी विश्वजीत खुर्चीतून पुढे वाकला, डाव्या हाताने गवताचं एक तुरेदार ताट धरलं आणि म्हणाला, "कुसळी."

ती कुसळीच होती. पायमोज्यांत घुसून टोचते ती.

मी हातातला टिकाव खाली ठेवला. आजूबाजूला कुणालाच काही कळलं नाही. गवताचं नाव घेतल्यावर कोण टाळ्या वाजवणार?

त्यानंतर शब्द यायला लागले. आधी गवतं, मग भांडी, मग माणसं. ज्या रविवारी आम्ही खळग्याची कड पुढे सरकवायचो, त्या आठवड्यात त्याचं बोलणं पुढे सरकायचं. एका रविवारी काम बंद राहिलं तर तो आठवडा कोरडा गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी स्वतःला बजावलं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. आणि सोमवारपासून मी रोज सकाळी टिकाव खांद्यावर टाकून, विश्वजीतला घेऊन जायला लागले.

हाव म्हणा. माझे तळहात सोलून निघाले, काट्यांनी दंड ओरबाडले, आणि मी इतकी सुखात होते की वाटेत भेटणाऱ्यांना आपणहून नमस्कार करायचे. त्याच्या उजव्या हाताची बोटं हलली. मग मूठ वळली. मग त्याने माझ्या हातातला टिकाव काढून घेतला.

संक्रांतीला शेजारचे दिग्विजयराव तिळगूळ घेऊन आले. "घ्या, आणि गोड बोला," म्हणाले.

"नुसतं बोला म्हणालात तर जमेल," विश्वजीत म्हणाला. "गोड मला आजाराआधीही जमत नव्हतं."

दिग्विजयराव तांबडे झाले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. माझा माणूस परत आला होता. जसाच्या तसा, सगळ्या काट्यांसकट.

मी तिथे थांबले. टिकाव माळ्यावर टाकला, रविवारची टेकडीही सोडली. आणखी काही मागायचं नव्हतंच मला.

पण विश्वजीत रोज जायला लागला. काठी दाराआड तशीच. परत यायचा तेव्हा अंगाला तो भिजल्या दगडाचा वास असायचा आणि डोळे झोपेतून उठल्यासारखे. महिन्याभरात त्याने चष्मा काढून ठेवला. वर्तमानपत्र नुसत्या डोळ्यांनी वाचायला लागला आणि वाचता वाचता गोंधळायचा. "हा पूल कधी झाला?" विचारायचा. मी सांगायचे. "असं का," म्हणायचा आणि पान उलटायचा.

आमची लेक मुक्ताई नेदरलँड्सला असते. एका शनिवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. दोघं छान बोलले. त्याने तिथल्या पावसाची चौकशी केली, ती हसली, तोही हसला. "बाबा किती फ्रेश दिसतोय गं," ती मला म्हणाली. फोन ठेवल्यावर विश्वजीत खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"गोड मुलगी आहे," तो म्हणाला. "कुणाची?"

मी रात्रभर जागी होते. डॉक्टर म्हणाले, स्ट्रोकनंतर असा विसराळूपणा येऊ शकतो. मी चष्म्याचं विचारलं. तेही कधीकधी होतं म्हणे. मग मी हनुवटीवरच्या खुणेचं विचारलं. आमचं लग्न ठरलं होतं तेव्हा विश्वजीत स्कूटरवरून घसरला होता. मी नोकरीसाठी अकोल्याहून पुण्यात येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात टाके घालताना मी सगळ्यांदेखत त्याचा हात धरला होता. ती खूण आता नव्हती.

"खुणा पुसट होतात," डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना त्यांनी विश्वजीतच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मी इम्तियाजला गाठलं. तो टेकडीच्या पायथ्याशी रोपांना पाणी घालत होता.

"खळगा वाढतोय," मी म्हटलं. "मी काढत नाही. तुम्ही काढता का?"

"कुणीच काढत नाही, ताई." त्याने झारी खाली ठेवली. "कडेची घाणेरी उभ्या उभ्या वाळतेय. मी पोरांना तिकडे पाठवणं बंद केलंय."

"का?"

त्याने शेजारच्या रोपाचं आळं सारखं केलं. मग म्हणाला, "परवा तिथे पाणी प्यायला बसलो होतो. उठलो तर घरचा रस्ता आठवेना. म्हणजे आठवला, पण त्याच्यावर टांगे होते." तो हसला नाही. "विश्वजीतला तिकडे जाऊ देऊ नका."

"ऐकत नाही. तुम्हीच सांगा, हे थांबवायचं कसं?"

"उगवायचं कसं ते मला माहीत आहे. थांबवायचं म्हणाल तर..." त्याने खडकावर रचलेल्या घाणेरीच्या ढिगाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "या टेकडीला आजवर एकाच गोष्टीने थांबवलंय."

मग मी ते केलं. दुसऱ्या उताराला अजून माजलेली घाणेरी होती. तिच्या ताज्या काड्या छाटून मी पोतं भरलं, वरून तसल्याच उपऱ्या गाजरगवताचं बी कोंबलं, आणि विश्वजीत दुपारी झोपला असताना खळग्याच्या कडेने बोटभर अंतरावर काड्या खोचत गेले. ज्या हातांनी इतकी वर्षं उपटली त्याच हातांनी. कुणी पाहिलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. रोज चढून मी त्यांना बाटलीने पाणी घातलं. घाणेरीला पाणी घालणारी पुण्यातली मी पहिलीच बाई असेन. चौथ्या-पाचव्या दिवशी काड्यांवर खरखरीत हिरवे कोंब दिसले तेव्हा मी खाली बसून त्यांना हात लावला. तो घाणेरडा वास बोटांना लागला आणि मला हायसं वाटलं. त्या संध्याकाळी विश्वजीतने जेवताना मला नावाने हाक मारली. "श्रद्धा," म्हणाला, "वरण वाढतेस?"

मी वाढलं. वर तूपही घातलं.

आज सकाळी उठले तर शेजारचं अंथरूण रिकामं होतं.

मी चपला अडकवून निघाले. टेकडीवर नेहमीचे फिरणारे होते, कुत्री होती, कुणाच्या तरी मोबाइलवर भजन लागलं होतं. खाणीला वळसा घातला आणि भजन थांबलं.

माझ्या काड्या एकूण एक उपटलेल्या होत्या. पांढरी, कोवळी मुळं फुटली होती त्यांना.

विश्वजीत खळग्याच्या मधोमध उभा होता. गवत त्याच्या कमरेपर्यंत आलं होतं. त्याचे केस काळे होते. खडकवासल्याकडून येणारा वारा त्या गवतावरून सावकाश चालत होता आणि इतकं सुंदर होतं ते सगळं की क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले.

त्याने मला पाहिलं. उजव्या हाताची माती झटकली आणि शर्ट नीट केला.

"ही आपण लावलीत?" त्याने विचारलं.

आपण.

"हो," मी म्हटलं.

"दिसायला वाईट नाहीत. पण इथली नाहीत हो ती."

"विश्वजीत," मी म्हटलं.

तो जरा चमकला. अनोळखी माणसाला आपलं नाव ठाऊक असलं की चमकतात तसा.

"माफ करा. आपली ओळख लक्षात येत नाही."

मी नाव सांगितलं. नुसतं नाव. आडनाव त्याचंच होतं, ते माझ्याने सांगवेना.

"पुण्याच्याच?"

मला हो म्हणायचं होतं. आपलं घर या उतारावरून दिसतं, म्हणायचं होतं. मी वळून पाहिलं. खाली धुकं होतं, दाट, पांढरं, आणि त्यातून एकही गच्ची वर आलेली नव्हती.

"अकोल्याची," मी म्हटलं.

"अरे वा. बरंच लांबून आलात." तो अगदी आपुलकीने हसला. मग सभ्य माणूस थांबतो तेवढं थांबला आणि म्हणाला, "मग परत कधी निघणार?"