बोरघळची दवंडी

माझं दुकान जुन्या पेठेत होतं. कंदील, चिमण्या, काचा, वाती. निजामी जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. मोटारी नव्या सडकेवरच थांबायला लागल्या, चहाची हॉटेलंही तिथंच निघाली, आणि जळकोटाकडची गिऱ्हाइकं पेठेपर्यंत चढून यायचीच बंद झाली. दिवसभर काचांवरची धूळ पुसायची, संध्याकाळी फळ्या लावायच्या, एवढंच काम उरलं होतं.

मग व्यापाऱ्यांनी बसून ठरवलं की दर शनिवारी रात्री बारापर्यंत पेठ उघडी ठेवायची. दिवसा रानात राबणारी माणसं जेवणखाण उरकून येतील. दुकानागणिक एक गॅसबत्ती, चौकात भज्यांची कढई. पहिल्या दोन शनिवारी बत्त्यांवर पाखरंच तेवढी जमली. आणखी महिनाभर बघायचं, नाहीतर कुलूप लावून सोलापूरची गिरणी धरायची, असं जो तो म्हणत होता. मीही त्यातलाच.

खेड्यापाड्यांत दवंडी द्यावी असं निघालं, तेव्हा गावांची यादी करायचं माझ्याकडं आलं. जुनं दफ्तर उर्दूत, आणि पेठेतल्या तरण्यांत उर्दू वाचणारा मी एकटा. माझे चुलते दादामियाँ पूर्वी तहसिलीत कारकून होते. त्यांच्या पेटीत गावांची एक वही होती. ते पाहुण्यांकडं गेले होते, म्हणून मीच ती काढली आणि चार-पाच कोसांतली गावं उतरवून घेतली. एका नावापुढं तांबड्या शाईचा शेरा होता. बोरघळ, बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. गाव बेचिराख झालं असं आपण बोलतोच की, पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही. मला वाटलं, या गावात दिवाबत्ती नाही अशी सरकारी नोंद आहे. म्हणजे माझं गिऱ्हाईक हेच.

हलगीवाला बब्रुवान वाशीकडचा, इथं बायको घेऊन नवीनच आलेला. त्याला मी दोनदा बजावलं, बाकीचं राहिलं तर राहू दे, बोरघळला जाच.

तो रात्री परतला. बोरघळला पोचेपर्यंत दिवस मावळला होता म्हणाला. माणूस दिसलं नाही, रानातून यायची असतील असं वाटलं. लिंबाखाली हलगी वाजवली, सांगायचं ते सांगितलं आणि वळला. तेवढ्यात एका घरातून बाईनं विचारलं, कधी यायचं? तो म्हणाला, शनिवारी.

त्या शनिवारी दहापर्यंत पेठ रिकामीच होती. कढईतलं तेल थंड होत आलं होतं. मग वेशीकडून माणसं येताना दिसली. पाच-दहा नव्हे, गावच्या गाव. बाया पदर ओढून, पोरं कडेवर. एवढी माणसं, पण पायांचा आवाज नाही, एक पोर रडत नाही. पावसाचं टिपूस नसताना ओल्या मातीचा वास पसरला. गॅसबत्त्या सूं सूं करत होत्या, तेवढाच काय तो आवाज. भज्यांकडं कुणी फिरकलं नाही. सगळी माझ्या दुकानापुढं येऊन उभी राहिली.

मी हरखून गेलो होतो. एकेक कंदील हातात देत होतो. त्यांची बोटं लागली की गार वाटायचं, विहिरीच्या दगडासारखं. एका म्हातारीला मी गाव विचारलं. ती माझ्या बत्तीकडंच बघत होती.

"बोरघळ," ती म्हणाली. "दवंडी आली म्हनून आलो... लई दिसांत आमाला कुनी बोलवलं न्हवतं."

सकाळी दादामियाँ परत आले. मी मोठ्या कौतुकानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. तहसिलीच्या भाषेत बेचिराग म्हणजे काय, ते त्यांनी मला सांगितलं. जिथं दिवा लावायला एकही माणूस उरलं नाही ते गाव. त्यांच्या वडलांच्या वेळी प्लेगमध्ये बोरघळ संपलं होतं.

त्या रात्री आम्ही माडीवर गेलो. बोरघळच्या बाजूच्या माळावर, जिथं कधी काही दिसत नाही, तिथं दिव्यांची ओळ लागली होती.

ही गोष्ट पेठेत पसरली आणि पुढच्या शनिवारी रात्री कुणी दुकान उघडलं नाही. मी फळ्या लावून आत अंधारात बसलो. साडेदहाच्या सुमाराला तो ओल्या मातीचा वास फळ्यांच्या फटींतून आत आला. कुणी दार वाजवलं नाही. बाहेर नुसती माणसं उभी होती, आणि ते मला कळत होतं. बऱ्याच वेळानं म्हातारीचा आवाज आला.

"बंद हाय वाटतं... त्यालाच इचारू या, ज्यानं सांगितलं त्याला."

मला ओरडायचं होतं. बब्रुवानला सावध करायचं होतं. मी उठलो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पहाटे त्याची बायको धुरपदाबाई माझ्याकडं आली. रात्री कुणीतरी हाक मारली, दवंडी द्यायला चला म्हणाले, तो हलगी घेऊन गेला तो आलाच नाही. आम्ही आठ-दहा जण उजाडल्यावर बोरघळला गेलो. पडक्या भिंती, त्यांतून वाढलेल्या बोरी. प्रत्येक भिंतीच्या कोनाड्यात माझा एकेक कंदील. विझलेले होते, पण मी एका काचेला हात लावला तर चटका बसला. बब्रुवान कुठंच नव्हता.

रात्रीचा बाजार तिथंच संपला. पेठही संपली. मी सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी धुरपदाबाईला भेटायला गेलो. दुपारची वेळ. गावाबाहेर तिची एका खणाची खोली. ती दारातच चुलीपाशी भाकरी थापत होती. कुंकू होतं, बांगड्या होत्या. शेजारी भाकरींची चळत लागलेली, माझ्या कमरेएवढी. तरी ती थापतच होती.

मी म्हणालो, "वैनी, एवढ्या भाकरी कुणाला?"

तिनं हातावरची भाकरी तव्यात टाकली आणि मागं खोलीतल्या अंधाराकडं मान वळवून बघितलं.

"हळू बोला, शब्बीरभाऊ," ती म्हणाली. "समदी आत्ताच निजल्यात."