डोंगरीचे पाच तारे

आरटीओ साहेब, तुम्हाला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. ‘डोंगरी’ नावाच्या छोट्या एसयूव्हीत जीवघेणा दोष आहे, हे तुमच्याच यादीत छापलेलं होतं. तरी ती गाडी वाईला आमच्या शिवन्याच्या दारात येऊन उभी राहिली आणि तुमचा साधा फोनही आला नाही. काय झालं ते आता ऐका. मुलांनो, तुम्हीही ऐका; साहेबांपेक्षा तुम्हाला लवकर कळेल.

साल २०४३. शिवन्या सहावीत. तिची आई सुजाता नर्स. सोमवारपासून तिला रोज खंबाटकी घाट ओलांडून शिरवळच्या दवाखान्यात जायचं होतं. म्हणून बाबांनी दोन महिन्यांपूर्वीच नाशिकच्या एका गृहस्थाकडून जुनी डोंगरी घेऊन ठेवली होती. मागच्या काचेवर पाच ताऱ्यांचं स्टिकर.

“रणगाडा आहे रणगाडा!” बाबा गल्लीभर सांगत होते.

रविवारी सकाळी आईचे वडील, आबा, गाडी बघायला आले. गाड्या मुद्दाम आपटून तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आबांनी तीस वर्षं काढली. निवृत्त होताना तिथला एक जुना डमी (माणसाच्या मापाचा आणि वजनाचा चाचणीचा बाहुला) घरी आणला आणि त्याला बोलतं केलं. नाव गणपा. वजन अठ्ठ्याहत्तर किलो, तोंड फटकळ.

आबांनी सोबत आणलेल्या गणपाला त्यांनी आणि बाबांनी मिळून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. बाबांनी खिडकीतून हात घालून गाडी सुरू करायचं बटण दाबलं.

“गंमतच आहे,” गणपा म्हणाला. “गाडी म्हणतेय, मी पट्टा लावलाय. माझ्या छातीवर तर काहीच नाही. शिवन्या, सांग बघू, खोटं कोण बोलतंय?”

शिवन्याने वाकून पाहिलं. पट्टा बाजूला लोंबत होता आणि त्याच्या बकलमध्ये भलतीच एक सुटी पत्र्याची जीभ खोचलेली होती.

“ती मीच लावलीय,” बाबा ओशाळले. “टिंगटिंग बंद होते ना. सगळेच लावतात, आबा.”

“गाडीला गंडवलंत, जावईबापू. घाटाला कसं गंडवणार?”

“पण पाच तारे आहेत की!” शिवन्या म्हणाली.

“ते कुणी मिळवले? मी!” गणपा तडकला. “ताशी चौसष्टच्या वेगाने अशीच एक डोंगरी अडथळ्यावर आदळली, तेव्हा आत मी होतो. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. याला म्हणायचं जडत्व (चालू असलेली गोष्ट चालूच राहू पाहते, तो गुण). पट्टा त्याला धरतो, मग एअरबॅग (धडक बसताच फुगणारी पिशवी) झेलते. माझ्या मानेत, छातीत, गुडघ्यांत सेन्सर होते. किती मार बसला ते त्यांनी मोजलं, त्यावरून तारे दिले. आणि मी पट्टा लावला होता, बरं का. पट्टा सोडला की तारे नुसते काचेवर राहतात.”

“म्हणजे पट्टा लावला की झालं?”

“अर्धं झालं. तारे म्हणजे परीक्षेच्या दिवसाचे मार्क. आपटल्या एक-दोन गाड्या, विकल्या हजारो. मधेच एखाद्या महिन्यात कारखान्यात कच्च्या स्प्रिंगा आल्या, तर ते परीक्षेत कसं दिसणार? पुढे लक्षात आलं की कंपनी तेवढ्या गाड्या परत बोलावते आणि फुकट दुरुस्त करते. याला रिकॉल म्हणतात. रिकॉल निघाला म्हणजे गाडी टाकाऊ, असं नाही. चूक कबूल केली, हे चांगलंच. आपल्या गाडीतली चूक निघाली का, ते विचारायचं.”

“कुणाला विचारायचं?”

“चासी नंबर वाच,” आबा म्हणाले. “माणसाच्या बोटांच्या ठशांसारखा असतो, प्रत्येक गाडीचा वेगळा.”

शिवन्याने काचेखालचा नंबर एकेक अक्षर वाचला. आबांच्या फोनच्या पडद्यावर सरकारी यादीतली ओळ उमटली: ड्रायव्हरचं बकल सदोष, दुरुस्ती बाकी.

आबांनी खोटी जीभ काढली, गणपाला खरा पट्टा लावला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खट्! पट्टा आबांच्या हातात आला.

आई दारातून पुढे आली. “उद्या मी यात बसणार होते, आबा.”

नाशिकच्या गृहस्थांना फोन लावला. “हो, दोन पत्रं आली होती,” ते म्हणाले. “पण गाडी विकली होती ना! फाडून टाकली.”

सोमवारी आई एसटीने गेली. मंगळवारी कंपनीचा मेकॅनिक आला. वीस मिनिटांत नवं बकल, पैसा नाही. आबांनी वीस हिसके दिले, बकल हललं नाही. ती खोटी जीभ बाबांनी स्वतः हातोडीने चेपली.

शिवन्या गणपाजवळ बसली. त्याच्या डाव्या बरगडीत पोचा होता.

“किती वेळा आपटलास रे तू?”

“एकशे बारा.”

“दुखलं?”

“मला दुखत नाही, म्हणून तर मला बसवतात. तुम्हाला दुखतं.”

आईने निरांजन लावलं आणि गणपाला ओवाळलं. “आजवर किती आया तुझ्यामुळे घरी पोचल्या असतील रे,” एवढंच ती म्हणाली.

यंदा खंडेनवमीला शिवन्याचा वर्ग गल्लीतल्या प्रत्येक गाडीचा चासी नंबर आधी तपासणार आहे, मग हळदकुंकू. सरावातच तीन सदोष गाड्या सापडल्या. पोरं करतायत हे, साहेब. फुकट, शाळा सुटल्यावर.

आणि तुम्ही? गाडी नावावर करताना बाबांनी तुमच्याच खिडकीवर नवा पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला होता. मग पत्र नाशिकला का गेलं? तुमच्या यादीत अजून सहाशे चाळीस डोंगरींची बकलं बदलायची बाकी आहेत. आज त्या कुणाच्या दारात उभ्या आहेत? त्या घरांना कधी कळवणार? तारीख सांगा.