कोळ्याचं रेशीम आणि पिवळं कुलूप

लोखंडी सळई कुलपाच्या कडीत घालून संघमित्रानं जोर लावला, तेवढ्यात मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

"ये ताला मत तोड़िए, मैडम. मेरा है."

तिनं वळून पाहिलं. हातात हेल्मेट, केसांत मावठ्याचे थेंब, आणि डोळे इतके शांत की बघूनच डोक्यात तिडीक जावी.

"हाथ छोड़िए."

त्यानं सोडला. मग ती दातओठ खात पुटपुटली, "बयताड कुठला."

"मराठी समजते मले," तो म्हणाला.

कॉलेजच्या जुन्या वायरिंगचं काम घेतलेला इंजिनियर हर्षल तो हाच. शनिवारी केबल जळालेली दिसली, नवी रायपूरहून यायची होती. म्हणून त्यानं मेन स्विच बंद केला, त्यावर आपलं पिवळं कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून अहिवाऱ्याला बहिणीच्या लग्नाला निघून गेला. भिलाईच्या कारखान्यांतली रीतच ती. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं, साहेब आला तरी त्याला हात लावायचा नाही. पण ही प्रयोगशाळा होती, कारखाना नव्हे. आणि त्याच लाइनवर वरच्या मजल्यावरचा डीप फ्रीजर होता.

"वर चला," संघमित्रा म्हणाली. फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. "या नळ्यांत जिवाणू होते. कोळ्याचं जनुक घातलं होतं मी त्यांच्यात. कोळ्याच्या जाळ्याचं रेशीम बनवून राहिले होते ते. त्याचा पापुद्रा जळालेल्या कातडीवर ठेवला की तिथंच मुरते, ओढून काढावा लागत नाही. पुढच्या महिन्यात नागपूरला तपासणीसाठी द्यायचा होता. दोन वर्षं गेली माझी याच्यात."

"वॉचमनला विचारलं होतं मी. वर काही चालू नाही म्हणाला..."

"वर यायला पाय दुखत होते काय?"

त्यानं पाण्याच्या थारोळ्याकडे पाहिलं. "कुलूप लावलं ते बरोबर केलं. वर येऊन पाहिलं नाही, ते चुकलं."

अर्धीच चूक कबूल करणाऱ्या माणसाइतका संताप कुणाचाच येत नाही. संघमित्रानं त्याला अक्षरशः हाकलून दिलं आणि नळ्यांतला वितळलेला थेंब थेंब जिवाणू वाढवायच्या नव्या बशांमध्ये पसरला. त्यातला एखादा जरी धड निघाला तरी काम वाचणार होतं.

हर्षल मात्र रोज संध्याकाळी हजर. फ्रीजरसाठी वेगळी लाइन ओढायची म्हणे.

"कसे आहेत?"

"कोण?"

"तुमचे जिवाणू."

"माझ्याहून बरे. त्यांना तुमचं तोंड पाहावं लागत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं टेबलावर गरम मुंगोडीचा पुडा ठेवला.

"लाच?" तिनं विचारलं.

"नाही. तुम्ही चिडल्या की जेवत नाही, असं वॉचमन सांगत होता."

"त्या वॉचमनला सगळं ठाऊक असते... फ्रीजर सोडून."

तो मनापासून हसला. संघमित्राही हसणार होती, पण वेळेवर सावरली. त्यानंतर पाच वाजले की तिची नजर आपसूक दाराकडे जायची, आणि त्याचा वेगळाच राग यायचा.

जिवाणू वाढले. मस्त वाढले. पण रेशीम बनवेनात. ते लांबलचक जनुक त्यांनी टाकून दिलं होतं, आणि एकाही बशीत ते उरलं नव्हतं. कुणाला काही न सांगता ती स्मृति नगरला घरी निघून आली.

पत्ता शोधत तो तिथंही पोचला. दार तिच्या बाबांनी, दयाराम यांनी उघडलं.

"तूच काय तो कुलूपवाला?"

"हो काका. माफी मागाले आलो."

दयाराम यांनी सदऱ्याची बाही वर सारली. कोपरापर्यंत हात जळून आक्रसलेला होता. "रोलिंग मिलमधी इलेक्ट्रिशियन होतो मी. पॅनेलमधी हात होता माहा, अन् कोणीतरी माही 'काम चालू'ची पाटी काढून स्विच चालू केला. पट्टी बदलताना कातडीच निघून ये. ही पोरगी दाराआड उभी राहून माहं ओरडणं ऐके." ते थांबले. "हिचं नुकसान झालं, ते लई वाईट झालं. पण कुलूप लावाचं सोडू नको, बापू."

संघमित्रा ताडकन उठून अंगणात गेली. हर्षल मागोमाग आला.

"ज्या हातासाठी मी दोन वर्षं घालवली," ती म्हणाली, "तोच हात तुमची बाजू घेऊन राहिला. आता धड चिडताही येत नाही मले."

"चिडा ना. मी कुठं जाऊन राहिलो?"

"तुमचं वायरिंग तर संपलं."

"चार दिवस झाले."

"मग रोज येत होता कावून?"

त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्यासाठी," शेवटी तो म्हणाला.

तिनं मान फिरवली. "नागपूरची तारीख आता हुकणार. जनुक नव्यानं मागवावं लागेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. वर्षभर मी अशीच वैतागलेली राहीन. सगळा राग तुमच्यावर काढीन."

"काढा. मी येईन."

"अन् मले तुम्ही आवडता..." तिचा आवाज फाटला. "याचा तर सगळ्यात जास्त राग येऊन राहिला."

तो हसला नाही, म्हणून वाचला. त्यानं नुसता हात पुढे केला, आणि संघमित्रानं तो डोळे न पुसताच घट्ट धरला.