जमनी वाचली की मेली?

"सोळा! सोळा पडले! वाचली माझी जमनी!" रुपालीनं चटईवरच अशी उडी मारली, की कूलरसमोरचे कागद भुर्रकन उडाले.

"थांब," इंद्रजितदादा भुवया चढवत म्हणाला. "जमनी मेली."

रुपाली उन्हाळ्याच्या सुट्टीत पुसदहून आर्णीला मामाकडे आली होती. पंधरा दिवस रोज दुपारी ती, मामेभाऊ आयुष आणि शेजारची उर्वशी हाच खेळ मांडून बसायचे. आयुषचा मोठा भाऊ इंद्रजित यवतमाळला कॉलेजात होता, तोही सुट्टीला घरी आला होता. गुहा, राक्षस, शाप, सगळी गोष्ट तोच सांगायचा. प्रत्येकाचा एक वीर, कागदावर उतरवलेला; रुपालीची ती जमनी. संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला की बचाव, आणि वीर मेला की त्याचा कागद टराटरा फाडायचा! आज चारच्या एसटीनं रुपाली परत जाणार होती, आणि जमनीला दप्तरात घालून सोबत न्यायचं तिनं केव्हाच ठरवलं होतं.

"सोळा पडून मेली? काहून?" आयुष ओरडला.

इंद्रजितनं वही उघडली. मित्राच्या इंग्रजी पुस्तकातले नियम त्यानं स्वतः मराठीत उतरवले होते, आणि पुस्तक परत देऊन टाकलं होतं. तो वाचू लागला, "शापाचा लेख बारा किंवा वर पडले तर वाचला वाचला तर मेला नाही वाचला तर जिवंत. पाहा! सोळा पडले, म्हणजे तिनं भिंतीवरचा लेख वाचला. वाचला तर मेला! आण तो कागद."

रुपालीनं कागद छातीशी गच्च धरला. तिला रडूच फुटायचं बाकी होतं. "दहा मिनिटं दे न दादा!"

"दिली. पण नियम म्हणजे नियम!"

वही घेऊन तिघं स्वयंपाकघरात पळाली. तिथं बेबीमामी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती.

उर्वशीनं ओळीओळीवरून बोट फिरवलं. "वरून दगड पडला, बारा किंवा वर, वाचला. झोपेचा धूर, वाचला. सगळीकडे मोठ्या आकड्यानं वीर वाचून राह्यला. मग इथंच काहून मरते?"

"अन् हे पाहा!" आयुष किंचाळला. "भाऊनं अख्ख्या वहीत एक स्वल्पविराम नाही देल्ला! मराठीत किती होते याले?"

"काठावर पास!" मामी तिकडून म्हणाली.

रुपालीचे डोळे चमकले. "थांबायचं कुठं? 'वाचला तर मेला', की 'वाचला तर मेला नाही'? अन् वाचला कोण? लेख का वीर?"

तिघं धावत परत आली. पण इंद्रजित कसला ऐकतो! "दोन्ही अर्थ होतात. कोणता खरा, मलेही आता आठवून नाही राह्यलं. पण गोष्ट सांगणारा मी, म्हणून अर्थही माझाच!"

झालं! रुपालीनं शेवटचं म्हणून जमनीच्या कागदाकडे पाहिलं. आणि एकदम तिला हसूच आलं.

"बरं दादा, तुझाच अर्थ! वाचला म्हणजे लेख वाचला. पक्कं?"

"पक्कं!"

"मामी, ऐकलं न?"

"ऐकलं वो!"

"मग हा कागद वाच. मोठ्यानं."

इंद्रजित ऐटीत वाचू लागला, "जमनी. बळ अठरा. कमजोरी..." आणि त्याची गाडी तिथंच अडली.

"वाच न!"

"कमजोरी... लिहिता-वाचता येत नाही." प्रत्येक वीराला एक कमजोरी हवीच, हाही त्याच्याच वहीतला नियम! खाली पहिल्या दिवशीची त्याचीच सही होती: मंजूर.

"जिले अ का आ कळत नाही, तिनं लेख वाचला कसा?" रुपाली कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नाही वाचला तर जिवंत! अन् वाचला म्हणजे बचावला म्हणशील, तरी जिवंतच!"

आयुष आणि उर्वशी चटईवर नाचायला लागले. मामी हळदीच्या हातांनीच बाहेर आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इंद्र्या, कॉलेजात करतं काय तू? सहावीतल्या पोरीनं तुले तुझ्याच वहीत पकडलं! शाब्बास वो माय! तिघंही हुशार!"

चार वाजता रुपालीची बॅग इंद्रजितलाच स्टँडवर वाहून न्यावी लागली. एसटीच्या खिडकीशी येऊन तो म्हणाला, "रुपे, मानलं तुले! दिवाळीत ये. फक्त तोवर जमनीले वाचायला शिकवू नको!"

"शिकवणारच!" दप्तर कवटाळून रुपाली ओरडली. "तू तोवर स्वल्पविराम शिक!"