मागचं दिसायला हवं

घशाच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचा आवाज गेला, तो कायमचाच. त्याची चुटपुट सगळ्यात जास्त लागली ती सुनेला. नवरा बापाशी कामापुरतंच बोलायचा. तासन्‌तास गप्पा रंगायच्या त्या सासरे-सुनेच्या, आणि आता सासरे दिवसभर भिंतीकडे बघत बसत. ताट अर्धं तसंच परत येई. "माणूस असं खंगत जातं," डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं ठेवा."

बोलतं ठेवा म्हणे! पण सून प्रोग्रॅमर होती, हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. विंडोभर सासूबाईंचा फोटो आणि त्यावर लिहायचा एक पांढरा खोका. सासऱ्यांनी त्यात लिहायचं, येताजाता घरच्यांनी वाचायचं. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे सुनेनं त्यांना पाहिलं होतं ते ह्या फोटोतच. हसू दाबून उभ्या होत्या बिचाऱ्या.

सासऱ्यांनी दोन बोटांनी शोधत शोधत पहिलं वाक्य लिहिलं. "छान आहे. पण हिचं तोंड झाकलं जातं."

"एवढंच ना बाबा? खोका पारदर्शक करते. तुमची अक्षरं दिसतील, मागे आईही दिसतील."

तिनं खोक्याचा रंग निम्मा विरळ केला आणि घाईत नेहमीची चूक केली. खोका आरपार दिसू लागला, पण आपण भरीव आहोत, मागचं काही दिसत नाही, असंच तो विंडोला सांगत राहिला. मग विंडो त्याच्यामागचं पुसायचे कष्ट कशाला घेईल? सासरे वाक्य खोडून नवं लिहीत, तेव्हा जुन्याचे पुसट डाग मागे राहत, ओला बोळा नीट न फिरवलेल्या पाटीवर राहतात तसे. ह्या धंद्यातल्या नवशिक्यालाही ठाऊक असलेली चूक. तिनं ती दुरुस्त केली आणि ऑफिसला गेली.

संध्याकाळी डाग होतेच.

ती वाकून वाचू लागली. "अहो, औषध घेतलंत का?"

तिला वाटलं, नवऱ्यानं लिहिलं असेल. पण तो बापाला 'अहो' कशाला म्हणेल? तिनं खोक्यातला मजकूर तपासला. त्यात सासऱ्यांचं 'हो, घेतलं' एवढंच होतं. दुसरी ओळ खोक्यात नव्हती. ती मागे होती.

"बाबा, हे कुणी लिहिलं?"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ते लहान मुलासारखे लाजले.

त्यानंतर त्यांची गाडी रुळावर आली. ताट लख्ख होऊ लागलं. सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ते कॉम्प्युटरपुढे बसत. नवरा म्हणाला, "काय जादू केलीस? म्हातारा बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसतोय." तीही हसली. प्रोग्रॅम तिनं पुन्हा पुन्हा तपासला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला. कुठे काही चुकलेलं नव्हतं. शेवटी तिनं तपासणं सोडून दिलं. ते सुखात होते ना, मग आपल्याला कशाला नसती उठाठेव, असं तिनं मनाला समजावलं.

ती चहा ठेवायला जाई, तेव्हा मागची एखादी ओळ डोळ्यांत भरे. "तो निळा सदरा घाला." "सूनबाई कशी आहे हो?" आणि त्याखाली सासऱ्यांचं लांबलचक उत्तर, तिचं कौतुक.

मग एके दिवशी तिला त्यांचं उत्तर वाचायला डोळे बारीक करावे लागले.

सासऱ्यांची अक्षरं फिकी पडली होती. तिनं रंग बघितला. पूर्ण काळा. स्क्रीनही ठीक होता. मागच्या ओळी मात्र गडद होत चालल्या होत्या. सासरे पोटभर जेवत होते आणि वजन उतरत होतं. डॉक्टरांना काही सापडेना.

रविवारी दुपारी ऊन थेट खोलीत आलं होतं. सासरे लिहीत बसले होते. भिंतीवर खुर्चीची सावली पडली होती, काळीभोर. सासऱ्यांची सावली तिच्या निम्मीसुद्धा गडद नव्हती.

ती त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली.

"बाबा, मी हे बंद करते."

त्यांनी मान हलवली. लिहिलं, "राहू दे."

"तुम्ही विरत चाललाय. मला दिसतंय ते."

"मला माहीत आहे," त्यांनी लिहिलं. ती अक्षरं तिला जेमतेम दिसली.

ती रडली. ते तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. त्या हाताचं वजन तिला जाणवलं नाही.

ते झोपल्यावर तिनं एकच ओळ बदलली. खोका पुन्हा पांढरा, भरीव झाला. फोटो झाकला गेला.

सासरे वाचले. महिन्याभरात अंग भरलं, सावलीही खुर्चीच्या सावलीइतकीच काळी पडू लागली. नवऱ्यानं देवाचे आभार मानले. पण त्या दिवसापासून सासऱ्यांनी कीबोर्डला बोट लावलं नाही. सुनेला काही सांगायचं असलं तरी ते नुसते मानेनं हो-नाही करत. तिनं चूक केली की बरोबर केलं, हे तिला आजही कुणी विचारू नये.

ऑफिसात तिच्याकडे बिलं भरायच्या प्रोग्रॅमचं काम होतं. करड्या रंगाचा साधा फॉर्म, सगळे खोके भरीव, मागे फोटो नाही की चित्र नाही. तिनं तो चाचणीसाठी उघडला. शेरा लिहायचा खोका रिकामा असायला हवा होता.

त्यात एक ओळ होती. पुसट नव्हे, स्वच्छ काळी.

"सूनबाई, आपली कधी भेट नाही, तरी विचारते. हे माझ्याशी अबोला का धरून बसलेत?"