पालखीचा दांडा

"पेशंटचं नाव?" मी मान वर न करताच विचारलं.

"नाव... नाय. दांडा हाय."

दारात एक उंच, सावळा तरुण उभा होता—केसांत लाकडाचा भुसा—आणि मागे एक म्हातारे गृहस्थ. दोघांच्या खांद्यांवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

कापडे गावच्या ग्रामदेवीच्या पालखीचा तो सागवानी दांडा. आमच्या महाडच्या सीटी स्कॅन सेंटरच्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

तरुण राजेश. शेती सांभाळून सुतारकी करायचा. ठोकल्यावर दांडा पोकळ वाजतो, असं त्याचं म्हणणं. सोबतच्या म्हाताऱ्या गोमाजीकाकांना ते मुळीच मान्य नव्हतं.

"माझ्या बानं घडवलाय त्यो. कापून बघायचा नाय!"

"कापायचा नाही, काका. यंत्र भोवती फिरत एक्स-रे घेतं आणि आतलं चित्र दाखवतं... काकडीच्या चकत्या केल्यासारखं."

दांडा हळूहळू यंत्रात सरकला. पडद्यावर एकात एक वलयं उमटू लागली. राजेश माझ्या खुर्चीमागून वाकला. ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास आला.

"ही दाट वलयं बघा. त्या वर्सांत झाड धीम्यानं वाढलंय."

"तुम्हाला वाचता येतं हे?"

"लाकडातलं येतं." तो हसला. "मान्सांतलं... नाय."

मी उगाचच माउस हलवला.

आणि मग, नेमकं जिथे खांदा लागतो तिथेच, काळे बोगदे दिसले. मी चित्र तिथेच थांबवलं.

"काळं म्हंजे?" काकांनीच विचारलं.

"हवा. किडीनं पोखरलंय, काका. तिथे लाकूडच उरलेलं नाही."

काकांनी पडद्यावरच्या बोगद्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी राजेशच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरं पालखी नाचवताना मोडला असता तर... नवा तू घडव रे."

राजेश वाकून काकांच्या पाया पडला. त्याचे डोळे भरून आले होते.

आठवड्यानं तो पुन्हा आला. हातात सागाचा वीतभर तुकडा.

"आतून बरा हाय का, बघाल?"

"एवढ्याशा तुकड्याला स्कॅन लागतो?"

"...नाय लागत."

"मग?"

"मग—चहा घ्याल?"

चहा झाला. नंतरही दोनदा झाला. तिसऱ्यांदा त्यानं शिमग्याचं आमंत्रण दिलं.

पोलादपूरला गाडी बदलून मी कापड्याला पोचले, तेव्हा ढोल घुमत होते. नव्या दांड्यावर पालखी उसळत होती. गोमाजीकाका सगळ्यांत पुढे नाचत होते. राजेशनं मला पाहिलं, दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि गर्दीतून धापा टाकत आला. गुलालानं माखलेला.

"श्रिया... मला तुमी आवडता. मी हितंच राहनार, शेती सोडनार नाय. तुमी शहरात वाढलेल्या. घाई नाय—इचार करून सांगा."

"विचार करूनच एसटीत बसले मी."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्यानं ओंजळभर गुलाल माझ्यापुढे धरला, आणि लावायचा धीर होईना म्हणून तसाच उभा राहिला.

मीच गाल पुढे केला.