कासारसाईचं बुकिंग का थांबलं?

पिरंगुटच्या चौकात हार्डवेअरच्या दुकानावर जान्हवीचं ऑफिस होतं. पाटीवर ‘खासगी तपास’ या शब्दांखाली जान्हवी आणि निषाद ही दोन्ही नावं सारख्याच अक्षरांत रंगवलेली होती. तरीही येणारा प्रत्येक जण निषादला चहा सांगायचा आणि जान्हवीसमोर जाऊन बसायचा. निषादला तेव्हा बारीकसं काहीतरी टोचायचं. त्याला मत्सर म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं.

त्या दिवशी आलेल्या मुलीनंही तेच केलं.

“ताई, मी दीपाली. उरवड्याची. सोमवारपासनं मला कामावरून काढणार हायेत, आन् मी काईच केलेलं न्हाई.”

“पाणी पी आणि पहिल्यापासून सांग,” जान्हवी म्हणाली.

महाळुंग्यात शैलेश नावाच्या माणसाची वेबसाइट बनवणारी छोटी कंपनी होती. माणसं तीनच. शैलेश मालक, साइटचं रूपडं तो ठरवायचा. ज्ञानदा साइटवरचे शब्द लिहायची. बाकी जुळणी दीपालीची. कासारसाईच्या धरणाजवळ हैबतरावांनी शेतावर राहायच्या खोल्या बांधल्या होत्या, त्यांची साइट या तिघांनी केली. बुकिंगच्या पानावर नाव-गाव भरून पाठवलं की हैबतरावांकडून फोन यायचा. पुण्याची माणसं धडाधड येऊ लागली.

“आन् दसरा झाला तसं सगळं थांबलं. आठवड्याला एखादा चुकार फॉर्म येतोय. दिवाळीच्या खोल्या रिकाम्या. सरांनी बघितलं, तर बुकिंगचं पान दसऱ्यानंतर माझ्या नावानं उघडून बदललेलं. तवापासनं मला त्या पानाकडं फिरकू देत न्हाईत. पण माझा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक हाय. सर, ज्ञानदाताई, आन् हैबतरावांचा पुतण्या कैलास, तो खोल्यांच्या तारखा भरतो ना, त्याला बी.”

“कुठूनही बदलता येतं?”

“व्हय. इंटरनेट पायजे फक्त.” तिचा आवाज भरून आला. “सरांनी हिंजवडीतल्या ओळखीच्या तीन कंपन्यांत फोन करून सांगितलंय, या पोरीला घेऊ नका म्हणून. आमच्या घरातलं समदं कारखान्याच्या गेटावर राबलेलं. कंप्युटरवर बसणारी मी पयली. माझं नाव गेलं तर मला परत कोण बसवून घेणार?”

“दसऱ्याला काय झालं होतं?”

दीपाली खाली बघू लागली. “हैबतरावांनी कार्यक्रम केला. ‘साइट हिनं केली’ म्हणून मला शाल-श्रीफळ दिलं. एकटीनं न्हाई केली, असं मी म्हणाले. टाळ्यांत कुणाला ऐकूच गेलं न्हाई.”

ती गेल्यावर जान्हवीनं साइट उघडली आणि खुर्ची निषादकडे सरकवली.

“पुढच्या शनिवारची खोली बुक कर. मी काही सांगणार नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा.”

निषाद खूश झाला. निदान एक काम तरी त्याच्या वाट्याला आलं होतं. “नाव भरलं. फोन भरला. माणसं किती? दोन. तारीख. जेवण शाकाहारी. हे उजवीकडे लाल बटण. दाबलं. अरे!”

सगळे रकाने कोरे झाले होते. वरच्या बाजूला दोन ओळी आल्या: ‘तुम्ही भरलेली माहिती पुसली गेली आहे. पुन्हा भरायची असल्यास नावापासून सुरुवात करा.’

“माझंच काहीतरी चुकलं असणार,” निषाद ओशाळून म्हणाला. त्यानं पुन्हा सगळं भरलं, पुन्हा लाल बटण दाबलं, पुन्हा सगळं पुसलं गेलं. “जाऊ दे गं. नको ती खोली.”

“आता बटण वाच.”

लाल बटणावर ‘पुन्हा भरा’ असं लिहिलेलं होतं. डाव्या कोपऱ्यात, फिकट करड्या रंगात, ‘पाठवा’ होतं. ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

“बाकीच्या प्रत्येक पानावर पुढे जायचं बटण उजवीकडे आणि लाल आहे,” जान्हवी म्हणाली. “हात सवयीनं तिथेच जातो. कुणी काही मोडलेलं नाही. नुसती बटणांवरच्या शब्दांची अदलाबदल केलीय. आणि तुझ्यासारखंच प्रत्येकाला वाटतं, आपलंच चुकलं. म्हणून तक्रार कुणी करत नाही. हे महाळुंग्याच्या ऑफिसात कुणापाशी बोलायचं नाही.”

“माझ्यासारखंच म्हणजे?”

“सामान्य माणसासारखं.”

निषादला हा शब्द चांगलाच झोंबला.

दुसऱ्या दिवशी दोघं महाळुंग्याला गेले. इमारत इतकी नवी होती की जिन्याला अजून चुन्याचा वास होता.

शैलेश वैतागलेला होता. “मॅडम, सिंपल आहे. लोक फॉर्म भरतायत, पण मेल आमच्यापर्यंत पोचत नाहीये. दीपालीनं मेलचा भाग बिघडवलाय. शाल डोक्यात गेली तिच्या. पान आहे तसंच ठेवलंय, पुरावा म्हणून.”

“तुम्ही पान पाहिलंत?”

“पाहिलं की. दिसायला जसंच्या तसं आहे. बटण जागेवर, रंग तोच.”

“फॉर्म भरून पाहिलात?”

“मी कशाला भरू? मी डिझायनर आहे. अक्षरं वाचत बसत नाही, पान कसं दिसतं ते बघतो. खरं सांगू? माझं चाललं असतं तर साइटवर एक शब्द ठेवला नसता. नुसते फोटो.”

“शाल तुम्हाला मिळायला हवी होती?”

शैलेशचे कान तांबडे झाले. “कंपनी माझी आहे. कुणालाही वाटेल.”

निषादनं जान्हवीला कोपरखळी मारली. माणूस सापडला, अशी त्याची खात्री झाली होती.

ज्ञानदा साताऱ्याकडची, तिशीची. तिच्या बोलण्यात एकही शब्द फुकट जात नव्हता.

“मी लिहिलेली ओळ आधी मोठ्यानं वाचते. अडखळले तर खोडते. वाचणाऱ्याला कधी अंधारात ठेवायचं नाही. काय झालं आणि आता काय करायचं, दोन ओळींत सांगायचं. चांगलं लिहिलं तर लिहिलंय हे कळतसुद्धा नाही.” ती किंचित हसली. “तोच तोटा आहे म्हणा.”

“शब्द पानावर दीपाली चढवते?”

“छे. फाइल उघडून मीच चढवते. तिच्या हातून माझी वाक्यं तुटतात.”

“लोक का येईनासे झाले असतील?”

“लोकांना धीर नसतो हो. सगळं पुन्हा भरत बसायला वेळ कुणाला आहे?”

निषादनं मान डोलावली. खरंच होतं ते.

कैलास जिन्यातच भेटला. हैबतरावांनी त्याला दिवाळीच्या तारखांचं बघायला धाडलं होतं.

“आदी समदं बुकिंग माझ्या फोनवर व्हायचं,” तो म्हणाला. “लोक मला साहेब म्हणायचे. साइट आली आन् आमी झालो वॉचमन. राग आला, खोटं कशाला बोलू? पण मला तारखांचं पान तेवढं कळतंय. बाकी हात लावला तर काका तंगडं मोडतील.”

“इथे जो तो जळतोय,” निषाद पुटपुटला. त्याला मनातून जरा बरंच वाटलं.

“चौघांनाही आत बोलव,” जान्हवी म्हणाली. “दीपालीलाही.”

तिघं आपापल्या कंप्युटरपुढे बसले, कैलासला शैलेशचा लॅपटॉप मिळाला. दीपालीकडे कुणी बघत नव्हतं.

“मेल कुणाच्या मशीनवरून जात नाही, तेवढं बघायचंय,” जान्हवी सहज म्हणाली. “प्रत्येकानं शनिवारची खोली बुक करायची. चला, शर्यतच लावू. पहिली कोण येणार ते माहीतच आहे. हैबतराव म्हणतात, या साइटवर दीपालीचा हात धरणारं कुणी नाही.”

ज्ञानदाचा जबडा आवळला गेला. निषादला ते दिसलं, कारण त्याचाही अनेकदा असाच आवळला जायचा.

“सुरू!”

कळफलक खडखडले. दीपालीनं भराभर रकाने भरले आणि बटण दाबलं. “आयो! समदं पुसलं गेलं!”

“व्हॉट नॉन्सेन्स,” शैलेश ओरडला. त्याचाही फॉर्म कोरा झाला होता. कैलास तर लॅपटॉप उलटा करून बघायच्या बेतात होता.

“माझं झालं!” ज्ञानदा म्हणाली. आवाजात असा काही आनंद होता की सगळे तिच्याकडे वळले.

तिच्या पडद्यावर ओळ उभी होती: ‘धन्यवाद. आम्ही उद्यापर्यंत फोन करू.’

“बघा, मेलमध्ये काहीच बिघाड नाही,” जान्हवी शांतपणे म्हणाली. “निषाद, तू तिच्या शेजारी उभा होतास. तिचा हात कुठे गेला?”

निषादनं डावीकडे बोट केलं. “सरळ डाव्या कोपऱ्यात. लाल बटणाकडे वळलासुद्धा नाही.”

“मी वाचते,” ज्ञानदा म्हणाली. “बाकीचे वाचत नाहीत, हा माझा दोष?”

“आत्ता पहिल्यांदा वाचलं असतंत, तर बटणं फिरवलेली दिसली असती. इतके दिवस सगळे ज्याच्या शोधात आहेत ते सापडलं, म्हणून ओरडला असतात. तुम्ही जिंकल्याचं ओरडलात. ज्यांना माहीत नव्हतं, ते सगळे सापळ्यात पडले. पान जिनं जुळवलं ती दीपालीसुद्धा पडली, कारण तिचा हात जुन्या जागेवर गेला.”

“एवढ्यावरून?”

“नाही. शैलेश समजत होते, फॉर्म भरले जातात पण पोचत नाहीत. सगळं ऑफिस तेच समजत होतं. तुम्ही मात्र मघाशी म्हणालात, पुन्हा भरायला कुणाला वेळ आहे. पुन्हा भरावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

ज्ञानदानं माउस बाजूला सरकवला.

“आणि तिसरं. माहिती पुसली गेल्यावर दोन नव्या ओळी येतात. काय झालं आणि पुढे काय करायचं. नुकसान करायला त्या ओळींची गरजच नव्हती. शैलेशना शब्द नकोसे, कैलासला ते पान उघडायचीही भीती. फसवतानासुद्धा वाचणाऱ्याला अंधारात ठेवणं जमलं नाही, असं माणूस इथे एकच आहे.”



“शब्द माझे होते,” ज्ञानदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण वाक्य सरळ होतं. “लोक ते वाचून यायचे. तिला शाल देताना हैबतरावांनी माझंच वाक्य म्हणून दाखवलं, तिचं म्हणून. मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. मला तिचं कौतुक बघवेना. पाहुणे थांबले की कौतुक थांबेल, एवढंच वाटलं. नोकरी जाईल असं नव्हतं मनात. आणि जायला लागली, तेव्हा मी गप्प बसले.”

निषादला तिचा राग यायला हवा होता. त्याला तिची दया आली, आणि थोडी स्वतःचीही.

शैलेशनं घाम पुसला. “दीपाली, सॉरी. सोमवारपासून ये. विसरून जाऊ.”

“न्हाई सर.” दीपाली उभी राहिली. “कामाचं मागनं बघू. आदी त्या तीन कंपन्यांना फोन लावा. माझ्यासमोर. माझं नाव तुमी घालवलंय, तुमीच आणून द्या. एक डाव फॉर्म भरून बघितला असता, तर ही पाळी आली नसती.”

शैलेशनं इकडेतिकडे पाहिलं. जान्हवीनं टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यानं नंबर फिरवला.

“हॅलो, शैलेश बोलतोय. ते परवा मी त्या मुलीबद्दल... म्हणजे अॅक्चुअली काय झालं, आमच्याकडे एक टेक्निकल मिसअंडरस्टँडिंग, त्यामुळे थोडा कन्फ्यूजनचा भाग...”

पलीकडून ‘काय? काय?’ ऐकू येत होतं. दीपालीचा चेहरा उतरत चालला होता.

ज्ञानदानं पदरानं डोळे पुसले आणि पुढे वाकली.

“असं नाही,” ती हळूच म्हणाली. “‘दीपालीनं काही केलं नाही. ज्ञानदानं केलं.’ एवढंच सांगा.”